ब्रेक दाबला की स्टिअरिंग थरथरतं: नवीन डिस्क घेण्याआधी काय तपासायचं

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. पाच वर्षांची पेट्रोल हॅचबॅक, ५२ हजार किमी झालेली, पुढे डिस्क आणि मागे ड्रम. ताशी ८० ते १०० च्या दरम्यान ब्रेक लावला की स्टिअरिंग थरथरतं, ५० च्या खाली आलं की थांबतं. गॅरेजमध्ये पुढच्या दोन्ही डिस्क लेथवर मारून (म्हणजे पृष्ठभाग तासून सपाट करून) घेतल्या, गाडी एकदम सरळ झाली, पण चार महिन्यांत, सहा-सात हजार किमी फिरल्यावर, तेच पुन्हा सुरू झालं. आता गॅरेजवाले म्हणतात की दोन्ही डिस्क, पॅड, दोन्ही लोअर आर्म (चाक गाडीच्या सांगाड्याला जोडणारे खालचे दांडे) आणि जमलं तर शॉकॲब्सॉर्बरही बदला. गणपतीला कुंभार्ली घाटातून चिपळूणला जायचंय. तर हे सगळं बदलायचं का, आणि न बदलता गेलं तर धोका आहे का?

यात मला सगळ्यात मोलाची माहिती वाटली ती 'सहा-सात हजार किमीनंतर परत' एवढीच. लेथवर मारल्यावर कंप गेला, म्हणजे तो डिस्कमधूनच येत होता हे नक्की झालं. आणि काही हजार किमीत परत आला, म्हणजे डिस्क खराब करणारं कारण गाडीत तसंच बसून आहे. नवीन डिस्क टाकल्या तर तेच कारण त्यांनाही तितक्याच दिवसांत खाईल. लोअर आर्म आणि शॉकॲब्सॉर्बरचा विचार नंतर करू. आधी डिस्क कोण खातंय ते शोधा. माझ्याकडे येणाऱ्या अशा 'परत आलेल्या' गाड्यांत बहुतेकदा तीनपैकी एक गोष्ट सापडते: हबच्या (ज्यावर डिस्क आणि चाक बसतं त्या मधल्या भागाच्या) तोंडावर साचलेला गंज, एअर गनने वेडेवाकडे आवळलेले नट, किंवा कॅलिपरची (पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागाची) अडकलेली पिन. तिघांचाही खर्च डिस्कच्या जोडीपेक्षा पुष्कळ कमी आहे.

हे का होतं ते नीट समजून घ्या, कारण ते समजलं तर गॅरेजमध्ये नेमकं काय करून घ्यायचं हे तुम्हाला सांगता येईल. गरम डिस्कवर पाणी पडलं आणि ती वाकली, असं सरसकट सांगितलं जातं. रस्त्यावरच्या एखाद्या डबक्याने बिडाची जाड डिस्क सहसा वाकत नाही. घाट उतरून आल्या आल्या वॉशिंग सेंटरला प्रेशरचं पाणी थेट डिस्कवर मारणं मात्र टाळाच, त्याने ताण येतो आणि तडाही जाऊ शकतो. पण रोजच्या गाड्यांत जे दिसतं ते वाकणं नसतं, डिस्कची जाडी सगळीकडे सारखी राहिलेली नसते.

डिस्क हबवर बसते तेव्हा तिच्यात थोडा आउट राहतोच, म्हणजे चाक फिरताना डिस्कची कड किंचित आत-बाहेर होते. सर्व्हिस मॅन्युअलमध्ये गाडीप्रमाणे ५० ते १०० मायक्रॉनपर्यंतचा (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आउट चालतो असं दिलेलं असतं. मी स्वतः तो ५० च्या आत आणल्याशिवाय चाक चढवत नाही. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉनचा असतो, यावरून अंदाज घ्या. आउट जास्त असला तरी पहिल्या दिवशी काहीच जाणवत नाही, कारण कॅलिपर पिनांवर सरकतो आणि डिस्कच्या मागे मागे हलत राहतो. नुकसान होतं ते ब्रेक न दाबता गाडी चालत असताना. डिस्कचा बाहेर आलेला भाग प्रत्येक फेऱ्याला पॅडला हलकंसं घासून जातो. तुमच्या आकाराच्या गाडीचं चाक एका किमीला पाचशेच्या वर फेरे घेतं. अशा लाखो घासण्यांनंतर तेवढाच पट्टा बाकीच्या डिस्कपेक्षा १५-२० मायक्रॉनने पातळ होतो, आणि एवढा फरक पुरतो. आता ब्रेक दाबला की पॅड जाड भागावर आले की पकड वाढते, पातळ भागावर आले की कमी होते. कॅलिपरमधल्या पिस्टनला बसणारा मार ब्रेकच्या तेलातून पेडलपर्यंत येतो, आणि चाकाला मिळणारे कमी-जास्त हिसके टायरॉडमधून (चाक स्टिअरिंगला जोडणाऱ्या दांड्यातून) स्टिअरिंगपर्यंत. हे सगळं व्हायला वेळ लागतो, म्हणूनच काम केल्यावर गाडी काही महिने छान चालते आणि मग बिघडते. तुमच्या गाडीची गोष्ट यात तंतोतंत बसते.

८० ते १०० च्या मध्येच का, तेही सांगतो. १६५/८० आर १४ टायरचा घेर साधारण १.९ मीटर. ताशी ८० ला ते चाक सेकंदाला ११-१२ फेरे घेतं, १०० ला १४-१५. पुढच्या सस्पेन्शनला आणि स्टिअरिंगला स्वतःची एक लय असते, ती बहुतेक लहान गाड्यांत याच पट्ट्यात पडते. फेऱ्यांची लय आणि सस्पेन्शनची लय जुळली की हिसका मोठा होऊन हातात येतो. ५० ला चाक सेकंदाला सातच फेरे घेतं, हिसका तेव्हाही असतो, फक्त स्टिअरिंग दाद देत नाही. त्यामुळे 'शहरात काही होत नाही, हायवेलाच होतं' म्हणून बिघाड किरकोळ समजू नका.

जाडी बिघडण्याचे आणखी दोन मार्ग आहेत. एक म्हणजे पॅडचा माल डिस्कवर चिकटणं. घाट उतरून डिस्क चांगली तापलेली असते, समोर टोलनाका किंवा चेकपोस्ट येतो, आपण थांबतो आणि पेडल घट्ट दाबून बसतो. डिस्कचा बाकीचा भाग वाऱ्याने निवतो, पॅडखालचा तापलेलाच राहतो आणि पॅडचा पातळ थर तिथे छापल्यासारखा बसतो. नीट पाहिलं तर पॅडच्या आकाराचा गडद डाग दिसतोही. सुरुवातीचा असा डाग काही वेळा चांगल्या ब्रेकिंगने निघून जातो. दुसरा मार्ग याचाच पुढचा टप्पा. त्या डागाच्या जागी दर वेळी जास्त उष्णता होत राहिली आणि बीड ६५०-७०० अंशांच्या वर गेलं, तर तिथली धातूची रचना बदलते आणि ती जागा बाकीच्या डिस्कपेक्षा टणक होते. लेथवर मारल्यावरही तिथे निळे-काळे ठिपके उरतात. टणक जागा कमी झिजते, बाजूची जास्त, आणि काही हजार किमीत तो उंचवटा परत वर येतो. मारून आणलेल्या डिस्कवर असे ठिपके दिसले तर ती डिस्क लावूच नका.

आता तपासणी. जॅक लावायच्या आधी गाडी चालवून पाहायची, आणि त्याच्याही आधी चारही चाकांचे नट पान्याने तपासायचे. हे काम पाच मिनिटांचं आहे आणि ढिला नट सापडला तर जीव वाचवणारं आहे. टायर हाताने चाचपा: कुठे फुगा आहे का, एखाद्या पट्ट्यात नक्षी उंच-सखल झालीय का. मग पहाटे मोकळ्या सरळ हायवेला जा, आरशात मागे कोणी नाही हे पाहून पुढच्या चाचण्या करा. शेजारी कोणीतरी बसवा, म्हणजे तुमचं लक्ष रस्त्यावर राहील आणि सीट किंवा फ्लोअर हलतंय का ते दुसरा सांगेल.

पहिली चाचणी ब्रेकशिवाय. ताशी ८०, ९०, १०० वर वेग स्थिर ठेवा. ब्रेकला पाय न लावताही थरथर असेल तर आधी बॅलन्सिंग, टायर आणि रिम यांच्याकडे वळा, डिस्कवरचा आरोप तिथेच थांबवा. बाहेरून बसवलेले अलॉय असतील तर त्यांचं मधलं भोक हबपेक्षा मोठं असतं आणि मध्ये रिंग टाकावी लागते. ती रिंग नसेल तर बॅलन्सिंग कितीही वेळा करा, चाक मध्यावर बसत नाही.

दुसरी चाचणी हलक्या ब्रेकची. १०० वरून पेडलवर हलका, एकसारखा दाब ठेवून ५० पर्यंत या. जाडी बिघडलेली डिस्क हलक्या-मध्यम दाबातच स्वतःला दाखवते, आणि थरथर वेगाबरोबर उतरत जाते. हलक्या दाबाला काही नाही पण जोरात ब्रेक मारला की पुढचा भाग हलतो, 'टक' असा आवाज येतो किंवा गाडी एका बाजूला जाते, असं असेल तर मग लोअर आर्मचे बुश (सांध्यातले रबर), बॉल जॉइंट (चाकाकडचा फिरता सांधा), टायरॉड यांचा संशय घ्यायचा.

तिसरी चाचणी इंजिन चाकांपासून सोडवून. तोच ब्रेक, पण क्लच पूर्ण दाबून. थरथर गायब झाली तर इंजिन माउंटिंग किंवा ड्राइव्ह शाफ्टकडे पाहावं लागेल. हे क्वचितच निघतं, पण फुकटची चाचणी आहे.

चौथी चाचणी मागच्या ड्रमची. ती जपून करायची: कोरडा, सरळ, पूर्ण मोकळा रस्ता, वेग ४० च्या आसपास, हॅन्डब्रेकचं बटण अंगठ्याने दाबून धरलेलं, आणि लिव्हर हळूहळू वर. चाक जाम करायचं नाही, फक्त गाडीचा वेग कमी व्हायला हवा. ओल्या रस्त्यावर, वळणावर किंवा इलेक्ट्रॉनिक पार्किंग ब्रेकच्या गाडीत हे अजिबात करू नका. या वेळी पुढचे ब्रेक काहीच काम करत नाहीत, त्यामुळे सीटखाली थरथर आली तर ड्रम गोल राहिलेला नाही. घाट उतरून तापलेल्या ड्रमवर हॅन्डब्रेक गच्च ओढून ठेवण्याची सवय हे त्याचं एक कारण.

थरथर कुठे जाणवते यावरून ठोकताळा असा: स्टिअरिंगमध्ये आली तर पुढची चाकं, सीटमध्ये आणि पाठीला आली तर मागची, पेडलमध्ये तर दोन्हींपैकी कोणतीही. तुमची स्टिअरिंगमध्ये आहे, त्यामुळे मला ड्रमची शंका कमीच आहे. पण चाचणी करून टाका.

एबीएसचा (जोरात ब्रेक मारल्यावर चाक जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेचा) गोंधळ बरेच जण करतात, म्हणून सांगतो. २०१९ नंतरच्या सगळ्याच नव्या गाड्यांत एबीएस आहे. खडीवर किंवा पावसात जोरात ब्रेक मारल्यावर पेडलला जलद ठोके बसतात, 'गरगर' असा आवाज येतो, ते एबीएसचं नेहमीचं काम आहे. पण कोरड्या रस्त्यावर, हलक्या ब्रेकला, गाडी थांबायच्या बेतात १०-१५ च्या वेगाला असे ठोके बसत असतील तर सेन्सरखाली गंज आहे, सेन्सरची रिंग तडकलीय, किंवा बेअरिंग बदलताना चुंबकीय बाजू उलटी बसलीय. तुमचं लक्षण याच्या अगदी उलट आहे, वेग जास्त असताना होतं आणि कमी झाला की थांबतं. तेव्हा सेन्सरवर पैसे घालवू नका.

रस्त्यावरची चाचणी झाली की गाडी वर घ्यायची. चाक काढल्यावर बऱ्याच लहान गाड्यांत डिस्क हबवर मोकळीच असते, तिला धरून ठेवणारे फक्त चाकाचे नट. म्हणून मोजण्याआधी वॉशर टाकून नट परत लावायचे आणि डिस्क हबला नीट टेकवायची. हे न करता घेतलेलं माप काही कामाचं नाही. मग डायल गेजचा (मायक्रॉनमधली हालचाल काट्यावर दाखवणाऱ्या मापकाचा) स्टँड नकलवर, म्हणजे हब धरून ठेवणाऱ्या न फिरणाऱ्या भागावर, घट्ट बसवून टोक डिस्कच्या कडेपासून १० मिमी आत ठेवायचं आणि डिस्क हाताने सावकाश एक पूर्ण फेरा फिरवायची. सगळ्यात जास्त आणि सगळ्यात कमी आकड्यातला फरक म्हणजे आउट. खडूने डिस्कवर आणि स्टडवर (नट ज्यावर बसतो त्या हबच्या खुंटीवर) खूण करा. त्यानंतर मायक्रोमीटरने तितक्याच आत आठ ठिकाणी जाडी मोजा. व्हर्नियरने हे मोजता येत नाही, त्याची अचूकता इथे पुरत नाही. आठ मापांत २० मायक्रॉनपेक्षा जास्त फरक असेल तर तुमच्या थरथरीचं प्रत्यक्ष कारण हातात आलं. ते का घडलं, हे आउट सांगेल.

गॅरेज निवडताना माझी एकच कसोटी आहे: डायल गेज आहे का, आणि ते लावून आकडा दाखवतात का. पुणे, कोल्हापूर, नाशिक, सगळीकडे मशिन शॉपची वस्ती आहे, डायल गेज काही दुर्मीळ वस्तू नाही. आकडा न सांगता 'डिस्क गेल्यात' म्हणणाऱ्याकडे डिस्क घेऊ नका.

समजा आउट १२० मायक्रॉन आला. आता डिस्क काढा आणि हबचं तोंड पाहा. कोकणात राहणाऱ्या किंवा पावसाळ्यात महिना-महिना उभ्या असणाऱ्या गाडीत तिथे गंजाची पापडी हमखास असते, विशेषतः स्टडच्या मुळाशी आणि मधल्या गोल काठाला. ही पापडी दिसायला क्षुल्लक असते, पण हिशोब पाहा. हबचं तोंड साधारण १४० मिमी व्यासाचं, डिस्क २३०-२५० मिमीची. हबच्या एका कडेला ३० मायक्रॉनचा गंज राहिला तर डिस्कच्या कडेला तोच ५० च्या पुढे जातो. लेथवर डिस्क अगदी सरळ मारून आणली आणि अशा हबवर चढवली, तर ती बसताच तिरकी बसली. तुमच्या गाडीत नेमकं हेच झालं असावं असा माझा दाट संशय आहे, कारण मारून आणलेल्या डिस्कचं तोंड स्वच्छ असतं आणि हबकडे कोणी पाहत नाही.

हब तारेच्या ब्रशने आणि बारीक पॉलिश पेपरने साफ करायचा, धातू चमकला पाहिजे, पण ग्राइंडर लावून धातूच खायचा नाही. डिस्कची आतली बाजू आणि रिमचं बसायचं तोंडही तसंच साफ करा. मग परत मोजा. अजून आउट असेल तर डिस्क एका स्टडने पुढे फिरवून लावा आणि मोजा, मग आणखी एका स्टडने. हबचा थोडा आउट आणि डिस्कचा थोडा आउट एकमेकांच्या विरुद्ध आले की बेरीज कमी होते, आणि कित्येकदा ९० चा आकडा असाच ३५-४० वर येतो. त्यात फक्त वेळ जातो. सगळं करूनही आकडा उतरत नसेल तर डिस्क पूर्ण काढून गेज थेट हबच्या तोंडावर लावा. तिथे २०-३० मायक्रॉनच्या वर गेलं तर हब किंवा बेअरिंग बदलावं लागेल. मोठ्या खड्ड्यात चाक आपटल्याचं आठवतंय का, ते गॅरेजवाल्याला जरूर सांगा.

नटांचं काय? टायर बदलला, पंक्चर काढलं, की एअर गनने 'टर्रर' करून पाच सेकंदांत नट लागतात. एक नट मर्यादेच्या दुप्पट आवळलेला, शेजारचा निम्मा. चाक आणि डिस्क एकाच स्टडवर ओढली जातात, त्यामुळे असमान ताण थेट डिस्कला तिरकं करतो. लहान गाड्यांना साधारण ८५ ते १३० न्यूटन-मीटर लागतात, तुमच्या गाडीचा नेमका आकडा मॅन्युअलमध्ये आहे. आधी हाताने सगळे नट पुरवा, मग समोरासमोरच्या क्रमाने दोन टप्प्यांत टॉर्क रेंचने आवळा. चार नटांच्या चाकाला हे दोन मिनिटांचं काम आहे. पंक्चरच्या दुकानात टॉर्क रेंच नसेल तर त्यांना गनने फक्त हलकं पुरवायला सांगा आणि शेवटचं आवळणं पान्याने, समोरासमोर करून घ्या. तुम्ही शेजारी उभे राहून नम्रपणे सांगितलंत तर कोणी नाही म्हणत नाही. आणखी एक: या सहा-सात हजार किमीच्या काळात टायर पुढचे मागे, मागचे पुढे केले होते का, आणि त्यानंतरच सुरुवात झाली का, हे आठवून पाहा.

तिसरा संशयित कॅलिपर. त्याच्या दोन पिना हाताने सरकल्या पाहिजेत. एकीकडची पिन अडकली की कॅलिपर सरकत नाही, एक पॅड कायम डिस्कला टेकून राहतो, आणि वर सांगितलेली घासण्याची क्रिया कित्येक पटींनी जलद होते. आतला आणि बाहेरचा पॅड शेजारी ठेवून जाडी पाहिली की लगेच कळतं. दोघांत २-३ मिमीचा फरक असेल तर पिन किंवा पिस्टन अडकतोय. डावी-उजवी तुलना इन्फ्रारेड थर्मामीटरने होते: हायवेला १० किमी शक्यतो ब्रेक न लावता चालवा, सावकाश थांबा आणि दोन्ही डिस्कच्या मधल्या गंजलेल्या भागावर नेम धरा. चकचकीत घासलेल्या भागावर धरला तर आकडा खोटा येतो. एक बाजू दुसरीपेक्षा ३०-४० अंशांनी तापलेली असेल तर तिथे पॅड सुटत नाहीये. पिना साफ करून सिलिकॉन ग्रीस किंवा खास ब्रेकसाठी मिळणारं ग्रीसच लावायचं. बेअरिंगचं पिवळं ग्रीस लावलं की रबरी बूट फुगतात आणि पिन आधीपेक्षा घट्ट अडकते. पॅड ज्या पत्र्यांमध्ये सरकतात त्या पत्र्या काढून खालचा गंज खरवडा, पॅड बोटाने सरकला पाहिजे, हातोडीने बसवावा लागता कामा नये.

लोअर आर्म आणि शॉकॲब्सॉर्बर हे हिसका तयार करत नाहीत, आलेला हिसका मोठा करून दाखवतात. बुश फाटलेला असेल तर १० मायक्रॉनच्या फरकालाही स्टिअरिंग हलेल. म्हणून ते तपासा: गाडी वर घेऊन लोअर आर्मच्या मागच्या बुशला टॉमीने (लोखंडी पहारीने) हलवून पाहा, रबर फाटलंय का, त्यातून तेलकट काही गळतंय का. चाक वर-खाली आणि डावी-उजवीकडे धरून हलवा, बॉल जॉइंट, बेअरिंग आणि टायरॉड यांतला खेळ हाताला कळतो. खेळ असेल तर जरूर बदला, तो सुरक्षेचा प्रश्न आहे. खेळ नसेल तर ५२ हजार किमीला केवळ 'झालेच असतील' म्हणून बदलू नका. शॉकॲब्सॉर्बर गळत नसतील तर ते यादीतून काढून टाका.

आता डिस्क परत मारायच्या की नवीन घ्यायच्या. डिस्कच्या कडेवर किंवा मधल्या उंच भागावर किमान जाडी कोरलेली असते. नवी २० मिमीची असेल तर किमान आकडा साधारण १८ चा असतो. लेथवर एकदा मारताना प्रत्येक बाजूने ०.२ ते ०.४ मिमी जातं, आणि तुमची एकदा मारून झालीय. मारल्यानंतर किमान जाडीच्या वर निदान अर्धा मिमी उरत असेल, निळे-काळे ठिपके नसतील, तर मारायला हरकत नाही. नाही तर नवीन घ्या, कारण पातळ डिस्क लवकर तापते आणि तुम्हाला घाट उतरायचाय. डिस्क मारा किंवा बदला, दोन्ही बाजूंची एकदमच. पॅडही त्याबरोबर नवीनच हवेत, जुन्या पॅडवर जुन्या डिस्कची झीज उमटलेली असते. पॅड अधिकृत काउंटरवरून, पक्क्या बिलावर घ्या. नक्कल पॅडचा माल एकसारखा नसतो आणि डिस्कवर ठिपक्यांसारखा चिकटतो. नवीन डिस्कवर गंजरोधक तेल असतं, ते ब्रेक क्लीनरने पुसून काढल्याशिवाय पॅडला टेकू देऊ नका.

चढवल्यावर आउट परत मोजायचा. हा आकडा जॉब कार्डवर लिहून घ्या, डावी इतकी, उजवी इतकी.

मग पॅड बसवणं राहतं, आणि ते तुमचं काम आहे. मोकळ्या रस्त्यावर ६० वरून २० पर्यंत मध्यम ब्रेकने या, पूर्ण थांबू नका, परत वेग घ्या, अर्धा-एक मिनिट निवू द्या. असं १५-२० वेळा. शेवटी काही किमी ब्रेक न लावता चालवा आणि मगच गाडी उभी करा. पहिले २००-३०० किमी कचकन ब्रेक मारायची वेळ येऊ देऊ नका. ही पायरी गाळली तर पहिल्याच घाटात पॅडचा माल डिस्कवर छापला जातो.

गणपतीच्या प्रवासाबद्दल. नट घट्ट आहेत, पेडल टणक आहे, गाडी ब्रेक मारताना सरळ राहते, डिस्कला तडा नाही आणि पॅड ४ मिमीच्या वर आहेत, एवढं असेल तर नुसत्या थरथरीमुळे ब्रेक फेल होत नाहीत, तुम्ही जाऊ शकता. पण यातली एकही गोष्ट डळमळीत असेल, किंवा थरथर आठवड्या-आठवड्याने वाढत असेल, तर आधी काम, मग प्रवास. ब्रेक फ्लुइड बदलून दोन वर्षं झाली असतील तर तेही बदला. थरथरीशी त्याचा संबंध नाही, पण पाणी शोषलेलं फ्लुइड घाटात उकळतं आणि पेडल खाली जातं.

घाटाचा हिशोबही एकदा पाहून ठेवा. माणसं आणि सामान धरून १२०० किलोची गाडी ५०० मीटर खाली येते असं धरलं, तर जवळपास ५९ लाख जूल ऊर्जा कुठे तरी जिरवावी लागते. ताशी १०० वरून पूर्ण थांबायला लागते त्याच्या बारा-तेरा पट. ती सगळी डिस्कमध्ये घालायची की काही इंजिनवर टाकायची, हे तुमच्या गिअरवर ठरतं. दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये उतरा, ॲक्सिलरेटर पूर्ण सोडा, गाडी सुटायला लागली की थोडा ठाम ब्रेक मारून वेग उतरवा आणि पाय काढून घ्या. सतत हलका पाय ठेवून उतरणं सगळ्यात वाईट, त्यात पॅडला आणि डिस्कला निवायला क्षणही मिळत नाही. कोणत्याही परिस्थितीत न्यूट्रलवर उतरू नका.

घाटाच्या पायथ्याला, पोफळीला उतरल्यावर लगेच थांबू नका, सपाट रस्त्यावर दोन-तीन किमी ब्रेक न लावता चालवा. थांबायचंच झालं तर पेडल दाबून बसू नका, गिअर टाका, चाकाला दगड लावा. गावाला गाडी आठ-दहा दिवस पावसात उभी राहिली तर डिस्कवर गंज येईल आणि परत निघताना पहिले काही ब्रेक खरखरतील. तो वरवरचा गंज गाव सोडेपर्यंत निघून जातो. पॅडखालच्या जागेचा डाग मात्र राहू शकतो, म्हणून तिथे असताना एक दिवसाआड गाडी थोडी फिरवून आणा, पाच-सात वेळा ब्रेक लावा.

परत आलात की सगळ्यात आधी पुढची उजवी-डावी चाकं काढून आउट आणि जाडीचे आकडे घ्या आणि इथेच कळवा. हब साफ करण्याआधीचा आकडा आणि नंतरचा, दोन्ही हवेत. त्यावरून डिस्क मारायच्या की नव्या घ्यायच्या, हे मी नेमकं सांगू शकेन.